कवंदी: काठापासून आत शिवत जायची गोधडी

गेली काही वर्षं जगभरच्या क्विल्ट करणाऱ्यांमध्ये एक नाव सारखं ऐकू येतंय, ते म्हणजे कवंदी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. मूळचा आफ्रिकी वंशाचा हा समाज, आणि त्यांच्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असे सगळे आहेत. या घरांतल्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात ती ही कवंदी. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलेतिहासाचे अभ्यासक हेन्री ड्रुअल यांनी या गोधड्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या मदतीने २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची क्विल्टिंगची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे मार्गारेट फॅब्रिझिओ या अमेरिकी कलावतीने सिद्दी बायकांकडे जाऊन ही रीत पाहिली आणि अमेरिकेतल्या शिवणाऱ्यांपर्यंत पोचवली. आता टेबलमॅटपासून भिंतीवरच्या कलाकृतींपर्यंत सगळीकडे कवंदी दिसते.

दिसते खरी, पण त्यातल्या बऱ्याच तुकड्यांचा मध्य फुगलेला असतो. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. फोटो पाहून लोक आधी ठिगळांचा वरचा पदर पूर्ण जोडून घेतात, मग त्याखाली भरण आणि अस्तर घालतात आणि काठापासून आत धावदोरा घालत सुटतात. ही कवंदी नव्हेच, आणि असा फुगा यायचाच.

नेहमीच्या क्विल्टमध्ये शिवण मध्यापासून काठाकडे का नेतात ते आठवा. प्रत्येक टाका कापड किंचित ढकलतो. ही ढिलाई पुढे पुढे सरकत काठाबाहेर पडते, आणि मग काठ कापून सरळ केला की झालं. काठ आधी बंद केला तर त्या ढिलाईला बाहेर पडायला वाटच उरत नाही, ती सगळी मध्यात जमते. कवंदीत काठ आधी बंद होतो तरी ती सपाट राहते, कारण वरचे तुकडे एकमेकांना आधी जोडलेलेच नसतात. शिवण जिथे पोचेल तिथे पुढचा तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचं. वरचा पदर शिवता शिवता तयार होतो, त्यामुळे त्याच्यात ढिलाई साठत नाही. सांभाळायचे फक्त दोन थर, अस्तर आणि भरण. एवढं लक्षात आलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

कापड

पहिल्यांदा करताना ४५ सेंमी चौरसाच्या पुढे जाऊ नका. यात कोपरे, वळणं, मध्य बंद करणं, सगळं येतं आणि काम हातात मावतं. अस्तर ४८ × ४८ सेंमी कापा, म्हणजे चारही बाजूंनी दीड सेंमी आत दुमडता येईल. भरण ४४.५ सेंमी चौरस घ्या. ते अर्धा सेंमी लहान असलं म्हणजे काठातून डोकावत नाही आणि दुमडीत जाडीही वाढत नाही.

अस्तराला घट्ट विणीचं कापड नको. विणीत सुई अडते आणि हजार टाक्यांनंतर बोटं बोलायला लागतात. धुवून मऊ झालेली सुती साडी किंवा मऊ सुती चादर यांच्याइतकं चांगलं अस्तर नाही. साडी आधी उजेडासमोर धरा. जिथे विरळ झाली असेल तिथे ती अस्तराला घेऊ नका, भरणात टाका. भरण म्हणून सुती साडीचे किंवा धोतराचे दोन-तीन थर पुरतात. पातळ सुती बॅटिंग (भरणासाठी तयार मिळणारा सपाट थर) किंवा फ्लॅनेलही चालतं. फुगीर पॉलिएस्टर वॅडिंग मात्र टाळा. सुईवर एकदम तीन-चार टाके भरता येत नाहीत आणि काठ गोल, उशीसारखा दिसतो. सुटा कापूस तर या कामाचाच नाही, काठ दुमडताना तो बाहेर येतो आणि पहिल्याच धुण्यात गोळे होतात.

वरच्या तुकड्यांना सुती कापडच घ्या. नख फिरवलं की सुती कापडाची दुमड बसते. पॉलिएस्टरची दुमड बसत नाही, सोडली की उघडते, आणि या पद्धतीत इस्त्री हाताशी ठेवून काम करणं वेळखाऊ आहे. जीन्सचं कापड एखाद्या ठिकाणी चालेल, पण कोपऱ्यात नको. ताणलं जाणारं टी-शर्टचं कापड कुठेच नको. तुकडे ८ ते १५ सेंमीचे, शक्यतो चौकोनी किंवा आयताकृती. कडा उभ्या-आडव्या धाग्याला धरून असाव्यात. तिरक्या कापडाची कड दुमडताना ताणली जाते आणि तुकडा लाटेसारखा बसतो.

सगळं कापड आधी धुवून घ्या. लाल, गडद निळं, काळं यांच्यावर विश्वास ठेवू नका. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवायचा आणि गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग आला तर तो तुकडा पुन्हा धुवा, तरीही रंग जात असेल तर बाजूला ठेवा.

दोरा आणि सुई

साध्या शिवणाच्या दोऱ्याने कवंदी होते, पण टाके दिसत नाहीत, आणि या गोधडीचं अर्धं रूप टाक्यांच्या ओळींत आहे. ८ नंबरचं पर्ल कॉटन (भरतकामाचा पिळदार, चमकदार सुती दोरा) किंवा साशिकोचा, म्हणजे जपानी धावदोऱ्याच्या भरतकामाचा दोरा बरोबर बसतो. १२ नंबर थोडं नाजूक दिसतं, ५ नंबर या जाडीतून ओढताना हात भरून येतो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी, म्हणजे तिच्यावर चार टाके एकदम मावतात. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे विकत घेताना लक्षात ठेवा. मधल्या बोटात अंगुस्तान असू द्या.

दोरा किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर. ४५ × ४५ सेंमीला १ सेंमी अंतराने ओळी घातल्या तर २०२५ सेंमी, म्हणजे साधारण २० मीटर शिवण होते. दोरा वर-खाली जातो, टोकं वाया जातात, त्यासाठी चौथाई वाढवा: २५ मीटर. ८ नंबर पर्ल कॉटनच्या १० ग्रॅमच्या गुंडीत साधारण ८० मीटर दोरा असतो, म्हणजे एका गुंडीत असे तीन तुकडे होतात. बाळाच्या ९० × ११० सेंमीच्या गोधडीला ९९ मीटर शिवण आणि सुमारे १२५ मीटर दोरा, म्हणजे दोन गुंड्या. ओळी ८ मिमीवर घेतल्या तर हाच आकडा १५५ मीटरवर जातो आणि दोन गुंड्या जेमतेम पुरतात. तेव्हा अंतर आधी ठरवा, मग दोरा घ्या. एका वेळी सुईत ६० सेंमीच्या वर दोरा ओवू नका. लांब दोरा पिळतो, गुंततो, आणि शेवटी शेवटी घासून केसाळ होतो.

पहिला फेरा

अस्तर उलटं पसरा, वर भरण ठेवा. दोन्ही थर मध्यातून अधिक चिन्हासारखे आणि दोन्ही कर्णांवर कच्च्या टाक्यांनी बांधून घ्या. टाके चार-पाच सेंमी लांब चालतील, दोरा वेगळ्या रंगाचा असू द्या. या ओळी नुसत्या धरून ठेवायला नाहीत. पुढे अस्तर कुठे सरकलं ते याच दाखवतात.

आता अस्तराची दीड सेंमी कड भरणावर दुमडा. कोपऱ्यात दुमडीच्या आतलं टोक तिरकं छाटा, ३ मिमी ठेवून. ते छाटलं नाही तर कोपऱ्यात अस्तराचे चार थर, भरण आणि त्यावर वरच्या तुकड्याचे चार थर होतात. तिथे सुई हमखास अडकते.

कोपऱ्यात फुला, म्हणजे काठाबाहेर डोकावणारा दुमडलेल्या कापडाचा त्रिकोण, हवा असेल तर तो याच वेळी बसवणं सोयीचं. ८ सेंमीचा चौरस कर्णावर दुमडून त्रिकोण करा, पुन्हा एकदा दुमडा. असे दोन-तीन रंगांचे त्रिकोण एकावर एक किंचित सरकवून ठेवा. टोक बाहेर, कच्च्या कडा आत, अस्तर आणि कोपऱ्याचा तुकडा यांच्या मध्ये. व्यवहारात फुल्याचा उपयोग काहीच नाही, पण सिद्दी बायकांच्या दृष्टीने फुल्यांवाचून गोधडी उघडीनागडी दिसते. छोट्या मॅटला मात्र तीन थरांचा फुला जड होतो, एकच थर बरा.

पहिला तुकडा कोपऱ्यात ठेवा. काठाकडच्या दोन्ही कडा १ सेंमी आत दुमडा आणि अस्तराच्या दुमडीशी अगदी बरोबरीने लावा. बाकीच्या दोन कडा तशाच कच्च्या सोडा. गाठ तुकड्याखाली लपवून सुई वर काढा, काठापासून २ ते ३ मिमी आत. त्याहून आत गेलात तर काठ उघडा ओठ काढतो, बाहेर गेलात तर अस्तराची दुमड टाक्यात येत नाही. टाका ३ ते ४ मिमीचा, वर जेवढा दिसतो तेवढाच खाली दिसला पाहिजे. अस्तर उलटून बघत चला. मागे टाके बारीक बारीक ठिपक्यांसारखे दिसत असतील तर सुई तिरकी जाते आहे, ती आणखी उभी धरा.

पहिला तुकडा संपायच्या दोन सेंमी आधी थांबा. पुढचा तुकडा घ्या. त्याची काठाकडची कड दुमडा आणि आधीच्या तुकड्याकडची कडही १ सेंमी दुमडा. ही दुमडलेली कड आधीच्या तुकड्याच्या कच्च्या कडेवर किमान दीड सेंमी चढली पाहिजे. पुढची कड पुन्हा कच्ची सोडा. चढ कमी ठेवला तर एक-दोन धुण्यांत खालच्या कडेच्या दशा सुटून दुमडीतून बाहेर डोकावतात. दोन तुकड्यांची सांध पार करताना एक टाका दुमडीच्या अलीकडे आणि एक पलीकडे पडेल असं बघा. नेमका टाका दुमडीच्या मध्ये येत असेल तर तो थोडा छोटा करा. ही बारीकसारीक गोष्ट वाटते, पण बोटं अडकणाऱ्या कडा इथेच तयार होतात.

चौथ्या बाजूने पहिल्या तुकड्यापाशी परत आलात की शेवटच्या तुकड्याची पुढची कडही दुमडा आणि ती पहिल्या तुकड्यावर चढवा. मग एका ओळीच्या अंतराने आत सरकून दुसरा फेरा सुरू करा. दोरा तोडायची गरज नाही, गोगलगाईगत आत जात राहायचं. काठ पोटाकडे धरा किंवा पलीकडे, उजव्या हाताने शिवणाऱ्याची सुई उजवीकडून डावीकडेच जाते. मात्र एकदा धरलेली दिशा संपेपर्यंत बदलू नका. दिशा उलटली तर तुकड्यांच्या चढाव्याची दिशाही उलटते आणि कुठली कड उघडी राहिली ते शोधत बसावं लागतं.

आतले फेरे

आतल्या फेऱ्यांत तुकडा कधी ठेवायचा हा खरा प्रश्न. पहिल्या रांगेतल्या तुकड्यांच्या आतल्या कच्च्या कडेपासून शिवण दोन-अडीच सेंमीवर आली की पुढचा तुकडा ठेवायची वेळ झाली. आणखी एक फेरा होईल असा मोह टाळा. कच्च्या कडेच्या अगदी जवळून ओळ गेली की तिथला टाका दशांतच पडतो, त्याला धरायला कापडच नसतं.

दोन ओळींमध्ये १ सेंमीपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. ओळींना आडव्या येणाऱ्या दुमडी फक्त ओळींनीच धरल्या जातात. अंतर दीड सेंमी झालं की मधली दुमड तोंड उघडते, मग त्यात पायाची बोटं जातात आणि वॉशिंग मशीनमध्ये तर ती फाटतेच. ओळी अंदाजाने घाला. पट्टी लावून आखलेल्या ओळी या कामात कडक दिसतात, आणि खडूच्या रेघा हाताने पुसल्याही जातात. करंगळीच्या नखाची रुंदी हे पुरेसं माप आहे.

कोपऱ्यावर वळताना आधीच्या ओळीपासून एका ओळीच्या अंतरावर थांबा, सुई खाली असताना काम फिरवा. लवकर वळलात तर प्रत्येक फेऱ्याला कोपरा गोल होत जातो आणि मध्याला पोचेपर्यंत चौरसाचं अंड होतं. तसं मुद्दाम करायला हरकत नाही, पण मग शेवटच्या तुकड्याचं माप चुकतं.

सुईवर भरलेले टाके ओढल्यावर शिवलेली ओळ चिमटीत धरून हलकी ताणा. दोरा कापडात सैल बसू द्या. दोरा करकचून ओढायची सवय असेल तर ४५ सेंमीचा तुकडा ४२ वर येतो, आणि तोही वाकडा. दर चार-पाच फेऱ्यांनी काम टेबलावर सपाट ठेवा, तळहाताने काठाकडून मध्याकडे निपटा. कच्च्या टाक्यांच्या ओळी अजून सरळ आहेत का ते बघा. एखादी वाकली असेल तर त्या बाजूला अस्तर सरकतंय. तिथले पुढचे कच्चे टाके काढा, अस्तर सपाट करा, पुन्हा बांधा. मांडीवर काम लोंबत ठेवून शिवणाऱ्यांचं अस्तर हमखास सरकतं, कारण लोंबणारा भार एकाच दिशेने ओढत असतो.

रंगांचं म्हणाल तर आधी आराखडा काढून ठेवू नका. तुकडे गडद, फिके आणि नक्षीचे अशा तीन ढिगांत ठेवा. पुढचा तुकडा शिवण पोचेल तेव्हा उचला. या पद्धतीत निर्णय त्या क्षणी होतो आणि कामात जी जान दिसते ती त्यामुळेच. तरी एक धागा असू द्या. एखादा ठळक रंग दर फेऱ्यात निदान एकदा आला की गोधडी विस्कळीत वाटत नाही. ख्रिस्ती सिद्दींच्या गोधड्यांत क्रूस दिसतो, मुस्लिम घरांतल्या गोधड्यांत चंद्रकोर, आणि मोठ्या तुकड्यांवर छोटे भडक तुकडे वरून बसवलेले असतात. दोन मोठे मवाळ रंग शेजारी आले की त्यांच्यावर एखादा ४ सेंमीचा लाल चौकोन बसवून बघा, फरक लगेच कळतो.

मध्य बंद करणं

उघडा भाग वीतभर उरला की हात थांबवा आणि मापं घ्या. शेवटच्या तुकड्याच्या चारही कडा दुमडायच्या आहेत. उघड्या भागाच्या प्रत्येक बाजूला दीड सेंमी चढ आणि १ सेंमी दुमड धरा. म्हणजे ८ × ६ सेंमीची जागा उरली असेल तर तुकडा १३ × ११ सेंमीचा. चारही कडा आधी इस्त्रीने बसवून घ्या. एवढ्या एका ठिकाणी इस्त्री लावायला आळस करू नका.

चौरस गोधडी बिंदूत संपते, आयताकृती रेघेत. ९० × ११० सेंमीच्या गोधडीत शेवटी २० सेंमीची रेघ उरते, कारण सगळ्या बाजूंनी सारखंच आत येतो आणि लांबी-रुंदीतला फरक तसाच राहतो. हे आधी माहीत असेल तर शेवटची लांब पट्टी छान कापडाची ठेवता येते. नाहीतर चांगले तुकडे संपलेले असतात आणि मध्यभागी भलताच तुकडा लावावा लागतो.

एवढं करूनही मध्ये थोडा फुगा दिसला तर घाबरू नका. बोटभर उंचीचा फुगा कोमट पाण्यात धुऊन, सपाट वाळवून बराचसा बसतो, विशेषतः भरण न धुतलेलं सुती बॅटिंग असेल तर. त्याहून मोठा असेल तर शेवटचे तीन-चार फेरे उसवा. भरणाची एक बारीक चिरी कापून काढा आणि दोन्ही कडा शेजारी शेजारी टेकवा. अस्तराला मागून एक सपाट चुणी घाला, ती बारीक टाक्यांनी बसवा आणि वरून मधला तुकडा पुन्हा लावा. समोरून काहीच कळत नाही. फुगा पायाने दाबून, वरून जास्त टाके घालून बसवायला गेलात तर त्याच्या बारीक सुरकुत्या होतात आणि त्या जन्मभर राहतात.

मशीनवर कवंदी होते का, असं पुष्कळजण विचारतात. होते, पण साधा पाय वरचं कापड पुढे ढकलतो आणि अस्तर दाते ओढतात, म्हणजे काठ बंद असताना दोन थर दोन वेगांनी सरकतात. वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा पाय) लावलात तर बरं जमतं. तरी दर कोपऱ्याला सगळी गोधडी मशीनखाली फिरवावी लागते, त्यामुळे मॅटच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. गरम भांडी धरायला करणार असाल तर कापड, भरण, दोरा सगळं सुतीच हवं, पॉलिएस्टर तापलं की वितळतं.

आणखी एक. या पद्धतीने केलेलं काम दाखवताना किंवा विकताना त्याला नुसतं कवंदी म्हणू नये असं माझं मत आहे. कवंदी पद्धतीची गोधडी म्हणावं, आणि सिद्दी बायकांचं नाव सोबत असावं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव गाळून शिकवणीवर्ग चालवणारे आधीच पुष्कळ झालेत.

धुण्याबद्दल शेवटचं. कच्चे टाके काढल्यावर पहिलं धुणं हाताने, थंड पाण्यात, थोडी साबणाची पूड टाकून. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला. दोरीवर टाकली तर ओल्या भरणाचा भार एका रेघेवर येतो आणि काठाची पहिली ओळ ताणते. पहिल्या धुण्यानंतर सगळ्या सांधांवरून एकदा बोट फिरवा. जिथे अडकेल तिथे एक-दोन लपते टाके घालून घ्या.